उजेड पुरतोय ना?

मिलीने आपला खेळ फुकट ठेवायचं ठरवलं तेव्हा मावशी एवढंच म्हणाली, "फुकट कशाला? विकतच्या वस्तूला लोक जरा बेतानं नावं ठेवतात. फुकट दिलीस की मोकळे सुटतात."

मिलीने ते हसण्यावारी नेलं. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. काचनळीतलं पाणी रेघेवर आहे की रेघेच्या केसभर खाली, यावरून पहिल्याच आठवड्यात तिने साहेबांशी वाद घातला आणि तेव्हापासून तिचं नाव पडलं मिलिलिटर. त्याचं मिली झालं, मिली घरी आली आणि मावशीला इतकी आवडली की खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. अशा मुलीला टीकेची भीती कशाला वाटावी? टीका म्हणजे माहिती. माहिती गोळा करायची, सरासरी काढायची, सुधारणा करायची. यात मनाला लागण्यासारखं काय आहे, हे तिला कळत नव्हतं. लवकरच कळणार होतं.

खेळाचं नाव 'टाका'. त्यात पळापळ नाही, मारामारी नाही. पडद्यावर चित्र दिसतं, खाली वाक्यं येतात, मधूनच दोन उत्तरं येतात आणि त्यातलं एक आपण निवडायचं. एक मुलगी कपडे दुरुस्त करायच्या दुकानात कामाला लागते. दुकान एका म्हाताऱ्या बाईचं. माणसं फाटलेले कपडे घेऊन येतात आणि कपड्याबरोबर आणखीही बरंच काही उसवलेलं घेऊन येतात. बस्स, एवढाच खेळ.

आता मिलीची मावशी स्वतः घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन टाकून कपडे दुरुस्त करायची, हा योगायोग नव्हता. मिलीने हा खेळ मावशीसाठीच केला होता. मात्र हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, मावशीला तर नाहीच. मावशीने खेळ उघडावा, स्वतःची खिडकी ओळखावी आणि काहीतरी म्हणावं, एवढीच तिची इच्छा. ती रोज संध्याकाळी विचारायची, "बघितलास का?"

"बघेन गं. आधी हा पडदा होऊ दे."

पडद्यानंतर कोट असायचा, कोटानंतर पँट. जग आपला खेळ खेळतंय आणि आपली मावशी दुसऱ्याच्या पँटच्या कडेशी खेळतेय, हे मिलीने मनाला लावून घेतलं. पण तोंडाने म्हणाली, "घाई नाही."

जगाला मात्र घाई होती. पहिल्याने लिहिलं, 'खेळ फारच लहान.' दुसऱ्याने लिहिलं, 'खेळ फार लांबला.' मिलीने दोन्ही मतं वहीत समोरासमोर मांडली आणि सरासरी काढली. सरासरी निघाली की खेळ अगदी योग्य लांबीचा आहे. शास्त्राचा हा एक मोठा आधार असतो.

मग शेजार जागा झाला.

समोरच्या दारात निवृत्त हेडमास्तर राहत. त्यांनी मुलीच्या फोनवर खेळ अथपासून इतिपर्यंत खेळला आणि दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले. "शंभरपैकी एकसष्ट," ते म्हणाले.

"सर, मी गुण मागितले नव्हते. मत मागितलं होतं."

"गुणांशिवाय मत म्हणजे काय? नुसती हवा. आशय चांगला. विरामचिन्हं गचाळ. आणि ती मुलगी एकदाही गिऱ्हाइकाला 'या, बसा' म्हणत नाही. त्याचे मी चार कापले."

हेडमास्तर आपल्या दारात शिरतात न शिरतात तोच वरच्या मजल्यावरच्या कॅशियरकाकू आल्या. काकू बँकेत पैसे मोजत आणि इमारतीत माणसं. त्या इमारतीच्या सेक्रेटरी होत्या. त्यांच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात जांभळा कोट.

"मिली, दुसऱ्या प्रकरणात ती बाई येते. स्वतः जाड होते आणि शिलाईला दोष देते. ती कोण?"

"काल्पनिक आहे, काकू."

"मग तिचा कोट जांभळा कसा?"

जांभळा रंग तिने खिडकीतून बघूनच घेतला होता.

"इमारतीतल्या रहिवाशांचं चित्रण करायचं तर समितीचं ना-हरकत पत्र लागतं," काकू म्हणाल्या. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण लिहायचा अधिकार ज्यांच्याकडे असतो त्यांनी बोललेलंही लिहिल्यासारखंच. "आणि हा खरा कोट बघ. मावशींनी परवा दिला. एक बाही लांब झालीय."

मिलीने लगेच पट्टी आणली. दोन्ही बाह्या टेबलावर पसरून मापल्या, तीन वेळा, आणि निकाल दिला, "फरक आहे, पण क्षम्य मर्यादेत आहे. शिवाय माणसाचा एक हात दुसऱ्यापेक्षा जरा लांब असतोच."

"माझे हात सारखे आहेत!" काकू म्हणाल्या, आणि ते सिद्ध करायला त्यांनी दोन्ही हात मिलीच्या नाकासमोर धरले.

मशीनवरून मावशी म्हणाली, "ठेवून जा. बघते मी." आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. मिलीला वाटलं, मावशीला काकूंचा कंटाळा आलाय.

त्या रात्री तिने ना-हरकतीची भानगडच नको म्हणून त्या बाईचा पुरुष केला. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर आले. त्या पुरुषाच्या हातात छत्री होती, यांच्याही हातात छत्री होती. पुरुषाचा मग हवालदार झाला. तेव्हा काकूंना आठवलं की त्यांचा जावई हवालदार आहे. शेवटी वैतागून मिलीने दुसऱ्या प्रकरणातल्या त्या कटकट्या गिऱ्हाइकाचा पोपट केला. इमारतीत कोणाच्याही नात्यात पोपट नव्हता.

दुसऱ्याच दिवशी कोणा अनोळखी माणसाने लिहिलं, 'पोपट का?' एवढंच. मिली दिवसभर पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत स्वतःशी त्याला उत्तरं देत राहिली.

मग तो 'पाहुणा' आला.

खेळाच्या पानावर नाव न देता लिहिलं की आपोआप 'पाहुणा' असं येतं. या पाहुण्याने लिहिलं होतं: 'खेळातली बाई टोपी अंगठ्यात घालते शिवताना टोपी मधल्या बोटात असते सुई तिनं ढकलायची असते बाकी ठीक कोण आहे आले आले.'

पहिला भाग मिलीला झोंबला, कारण तो खरा होता. सुई टोचू नये म्हणून घालायची लोखंडी टोपी कुठल्या बोटात असते हे रोज डोळ्यांसमोर असून तिने चित्र आठवणीतून काढलं होतं. पण शेवटच्या ओळीने ती कोड्यात पडली. 'कोण आहे आले आले.' हे काय? तिने प्रयोगशाळेतल्या साहेबांना दाखवलं. साहेब कविता करत.

"खोल आहे," ते म्हणाले. "वाचक दाराशी उभा आहे. तो विचारतो, कोण आहे? आणि उत्तर देणाराही तोच. हा माणूस मोठा आहे, मिली. जपून राहा."

मिली जपून राहिली. तिने टोपी मधल्या बोटात नेली.

आठवड्यात पाहुण्याचा दुसरा शेरा आला: 'सुई कोणी अशी धरत नाही दोरा डाव्या बाजूनं यायला हवा मुलगी कामसू आहे पण बोलते कमी बाकी ठीक चहा ठेवलाय.'

साहेब म्हणाले, "चहा ठेवलाय. बघ. किती साधेपणा."

खरं संकट आलं ते दिव्यामुळे. खेळातल्या दुकानात सुरुवातीला अंधारं असे. तपकिरी भिंती, त्यावर फिकट बदामी अक्षरं. मिलीला त्या रंगसंगतीचा फार अभिमान होता. दुकानातली बाई त्या मुलीला विचारायची, "उजेड पुरतोय ना?" खाली दोन उत्तरं यायची: 'हो' आणि 'नाही'. 'नाही' म्हटलं की बाई दिवा जवळ सरकवायची. मागचा रंग उजळायचा, अक्षरं काळी आणि किंचित मोठी व्हायची. हे वाक्य मावशीचंच होतं. लहानपणी मिली मशीनच्या पायाशी बसून वाचायची तेव्हा मावशी हातातलं काम न थांबवता विचारायची, "उजेड पुरतोय ना?" आणि उत्तराची वाट न बघता दिवा वळवायची.

बाईने हे खेळात एकदाच विचारायचं होतं. विचारून झालं की 'विचारून झालं' अशी खूण करणारी एक ओळ मिलीने प्रोग्रॅममध्ये लिहायची होती. ती राहिली. त्यामुळे दुकानाचं दार उघडलं की बाई विचारायची, पुन्हा उघडलं की पुन्हा विचारायची. दर वेळी 'नाही' म्हणणाऱ्याचा पडदा उजळत उजळत पांढरा फटक व्हायचा, चित्रं धुऊन निघायची आणि शेवटच्या प्रकरणात एकेक शब्द हत्तीएवढा होऊन बसायचा.

मिलीच्या हे लक्षात आलं नव्हतं. तपासताना ती न वाचताच दर वेळी 'हो' दाबायची. तिच्या डोळ्यांना उजेड नेहमीच पुरत असे.

'ही बाई डोकं खाते,' एकाने लिहिलं. 'शेवटी पडद्यावर नुसतं "आणि" दिसत होतं,' दुसऱ्याने लिहिलं. 'हे मुद्दाम असेल तर वाईट आहे, चुकून असेल तर आणखी वाईट,' तिसऱ्याने लिहिलं. हा तिसरा मिलीच्या जेवणाच्या वेळेत आला आणि तिचा डबा तसाच राहिला.

मिलीने राहिलेली ओळ घातली. बाई आता एकदाच विचारू लागली. हात घातलाच होता म्हणून तिने उजेडही बेताचा केला. चित्रं धुऊन निघायला नकोत. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे ती नव्या मुलांना रोज शिकवायची. स्वतः मात्र त्या बैठकीत नऊ गोष्टी बदलून मोकळी झाली.

परिणाम असा की पोपट सुटला. दुसऱ्या प्रकरणातला पोपट चौथ्या प्रकरणात गेला. तिथे एक विधुर म्हातारा बायकोचा कोट घेऊन येतो आणि म्हणतो, "एवढी बाही तिच्या मापाचीच राहू दे." हा अख्ख्या खेळातला सगळ्यात हळवा प्रसंग होता. आता तिथे हिरवागार पोपट कोट चोचीत धरून ते वाक्य म्हणू लागला.

मिलीला हे कळायच्या आत कोणी लिहिलं होतं: 'पोपटाचं दुःख थेट भिडलं. रडलो.' त्याखाली आणखी दोघांनी लिहिलं होतं की तेही रडले. मिलीही रडली, पण तिचं कारण वेगळं होतं.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मावशी खिडकीला जवळजवळ चिकटून बसली होती. मांडीवर निळी पँट, त्यावर हिरवा दोरा.

"हिरवा का गं?" मिलीने विचारलं.

मावशीने दोरा डोळ्यांपाशी नेला. "फॅशन आहे," ती म्हणाली आणि उसवायला लागली.

मिलीच्या डोक्यात पोपट होता. "मावशी, तू एकदा तरी बघ ना तो खेळ. सगळ्या जगाने बघितला."

"जगानं बघितला ना? मग झालं की. मला काय कळतंय त्यात."

या उत्तराने मिली इतकी दुखावली की जेवताना एक शब्द बोलली नाही. मावशीही बोलली नाही. आधीच जिथे दोनच माणसं, तिथे दोघी गप्प म्हणजे पूर्ण शांतता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिली प्रयोगशाळेत गढूळपणा मोजत होती. काम सोपं असतं. बाटलीतल्या पाण्यातून उजेड सोडायचा आणि तो वाटेत किती विखुरतो ते यंत्रावर वाचायचं. एक नमुना यंत्रात ठेवून तिने फोन बघितला. पाहुणा आला होता.

'बाई आता उजेडाचं एकदाच विचारते पूर्वी सारखी विचारायची मी नाही म्हणायचे की अक्षरं मोठी व्हायची तेव्हा वाचता यायचं आता वाचता येत नाही म्हाताऱ्याच्या कोटाचं पुढं काय झालं ते राहिलं मुलीनं फार चांगलं केलंय तिला सांगा बाकी ठीक या हेडमास्तर बसा तुमची पँट निळीच होती ना.'

मिलीने ते पुन्हा वाचलं. मग पहिल्या शेऱ्यापर्यंत वर गेली. मधलं बोट. डावीकडून दोरा. चहा ठेवलाय. कोण आहे आले आले.

साहेब खांद्यावरून वाकून म्हणाले, "नवीन आला? 'पँट निळीच होती ना.' अरे वा! इथे निळा म्हणजे..."

"सर," मिली म्हणाली, "निळा म्हणजे निळाच. मी घरी जाते."

वाटभर तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. काही महिन्यांपूर्वी मावशीने मापं वहीत लिहायचं सोडून टॅबला तोंडी सांगायला सुरुवात केली होती. बोललेलं आपोआप उमटतं, हे मिलीनेच शिकवलं होतं आणि "आमची मावशी किती पुढे गेली" म्हणून सगळ्यांना सांगितलं होतं. बोलून झाल्यावर बटण बंद करायचं असतं हे तेवढं शिकवायचं राहिलं होतं. मशीन खिडकीच्या आणखी जवळ सरकलं होतं. काकूंची बाही. ती बाही तर मिलीने स्वतः तीन वेळा मापली होती, आकडा बरोबर काढला होता आणि मर्यादेत आहे म्हणून सोडून दिला होता.

घरी मावशी मशीनवर होती. भर दुपारी दिवा लावलेला. मिलीने पिशवी ठेवली आणि स्टूल ओढून समोर बसली.

"आज लवकर गं?"

"मावशी, उजेड पुरतोय ना?"

मावशीचा हात चाकावर थांबला. "पुरतोय की."

मावशीने चाक फिरवलं, दोन टाके घातले.

"उजेड पुरतोय ना?" मिलीने पुन्हा विचारलं.

"सांगितलं ना एकदा."

"उजेड पुरतोय ना?"

"किती वेळा विचारशील? डोकं खातेस!"

"ती बाई विचारायची तेवढ्या वेळा. तेव्हा तू दर वेळी 'नाही' म्हणत होतीस."

मावशीने बोटातली टोपी काढली, टेबलावर ठेवली, परत घातली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "नाही पुरत. बरेच दिवस झाले. सुईत दोरा ओवायला हेडमास्तरांना बोलवावं लागतं. त्यांना सांगितलं, कोणाला बोलू नका. शिवणारीचे डोळे गेले म्हटलं की गिऱ्हाइकं गेली. आणि तू पळापळ करशील."

"हेडमास्तरांना माहीत आहे?"

"ते दोऱ्यालाही गुण देतात."

मिलीला हसू आलं आणि ते अर्ध्यातच अडकलं. "आणि खेळ? मी रोज विचारत होते. पाहुणी होऊन का लिहिलंस? मला सांगायचं ना."

"तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, मावशी, तुला नाही कळत. परक्यानं लिहिलं की तू रात्रभर बसून दुरुस्त करत होतीस. म्हटलं, आपणही परकं व्हावं." ती थांबली. "टोपी लगेच बदललीस की."

मिलीने उठून दिवा मावशीच्या हाताशी सरकवला आणि मग, आपल्याला दुसरं काहीच सुचत नाही हे लक्षात येऊन, आणखी थोडा सरकवला.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई तरुण आणि घाईच्या होत्या. त्यांनी मावशीच्या डोळ्यात उजेड सोडला, वाकून बघितला आणि म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे. भिंग गढूळ झालंय, उजेड आत विखुरतो. भिंग बदललं की दिसेल. इतके दिवस घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?"

"घरात शास्त्रज्ञ आहे," मावशी म्हणाली. "तिला पाण्यातलं दिसतं."

एवढं ऐकून घेणं मिलीला भाग होतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रविवारी तिने 'विचारून झालं'ची ती ओळ पुसून टाकली. बाई पुन्हा दर वेळी विचारू लागली. उजेड पुन्हा हवा तेवढा वाढू लागला, अक्षरं पुन्हा हत्तीएवढी. ज्यांना चित्रं बघायची होती त्यांनी 'हो' म्हणावं, एवढीच सूचना तिने दिली. एकाने लगेच लिहिलं, 'चूक परत आली आहे.' मिलीने त्याला उत्तर दिलं, 'हो, आम्हीच बोलावली.' मग टॅब मावशीच्या मांडीवर ठेवला. मावशीने दर वेळी 'नाही' म्हटलं आणि म्हाताऱ्याच्या कोटाचं पुढे काय झालं ते एका वेळी एकेक शब्द असं वाचून काढलं. मिली शेजारी बसून त्या शब्दांची वाट बघत होती, जणू ते तिने लिहिलेच नव्हते.

इमारतीला कळायचं ते कळलंच. पण गिऱ्हाइकं गेली नाहीत. कॅशियरकाकूंनी जिन्यात जाहीर केलं की मावशींचे डोळे बरे होईपर्यंत कोणी बाहीवरून बोलायचं नाही, समितीचा ठराव आहे. स्वतः त्या लांब बाहीचा कोट घालून बँकेत गेल्या. शस्त्रक्रिया झाल्यावर हेडमास्तर रोज येऊन डोळ्यात थेंब घालत आणि घातल्यावर "नव्वद" म्हणत. हात हलला म्हणून दहा कापत.

डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी मावशीने आधी सुईत दोरा ओवला. पहिल्या फटक्यात. मग खोलीभर बघितलं आणि म्हणाली, "या भिंतींना रंग कधी दिला होता आपण? लाज वाटते."

पुढे काही दिवसांनी मिली कामावरून परतली. दाराच्या आतून मावशीचा आवाज येत होता, एका सुरात, मापं सांगावीत तसा. मिली क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग तिने बेल दाबली. आतला आवाज थांबला, पावलं आली, दार उघडलं. मावशी नव्या चष्म्यातून तिच्याकडे बघून हसली आणि चहा टाकायला आत गेली. टॅब मशीनवर उघडाच होता. पडद्यावर पाहुण्याचा नवा शेरा उमटून तयार होता.

'आता हो म्हणून खेळले सगळी चित्रं दिसली खिडकी आमचीच आहे ओळखली भिंतीचा रंग तरी खेळात चांगला द्यायचास टोपी अजून जरा वाकडी पोपट काढू नकोस म्हाताऱ्यापेक्षा तोच बरा रडतो बाकी सगळं ठीक कोण आहे आले आले अगं तू होय.'